दोन वाजल्यानंतरची अंगणवाडी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परवा अंगणवाडीच्या दारात एका मुलाचे आजोबा मला म्हणाले, "ताई, तुमचं बरं आहे. दोन वाजता कुलूप लावलं की मोकळ्या." त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. भले गृहस्थ आहेत, नातवाला रोज स्वतः आणून सोडतात. मी "हो आजोबा" म्हटलं आणि कुलूप लावलं. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. बावीस वर्षं मी तेच ऐकते आहे. नातेवाइकांकडून ऐकलं, पंचायतीत ऐकलं, आणि वाईट याचं वाटतं की आमच्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्यांकडूनही ऐकलं. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

गेल्या महिन्यात मी एक वही केली. दोन वाजल्यानंतर अंगणवाडीचं जे जे काम केलं ते वेळेसकट त्यात लिहिलं. कोणाला दाखवायचं असं तेव्हा मनात नव्हतं. संध्याकाळ जाते कुठे, हे मलाच पाहायचं होतं. त्यातला एक सोमवार जसाच्या तसा देते. त्यातल्या मावशी म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस.

"२.०० मुलं गेली. मावशींनी भांडी घासून पालथी घातली. मी हजेरी, आहाराची नोंद, साठा रजिस्टर. २.५० निघाले. घरी सासूबाईंना जेवण, औषध, कूस बदलली. ४.१५ ते ५.२० गृहभेटी, तीन घरं. ७.३५ ते ८.२० पुन्हा बाहेर, एकच घर. ९.४० ला ग्रुपवर मेसेज, कमी वजनाच्या मुलांची यादी आत्ताच्या आत्ता. १०.३० ला पाठवली."

सव्वीस दिवसांचे मिळून ७४ तास झाले. त्यातले ३१ गृहभेटींचे, २९ फोन आणि माहितीचे, उरलेले १४ बैठकांचे आणि कार्यालयातल्या फेऱ्यांचे. दोन रविवार त्यातच आले. ही माझ्या एकटीच्या वहीतली बेरीज आहे. दुसरीची कमी असेल, कोणाची जास्तही असेल.

सोमवारी साडेसातला मी पुन्हा का निघाले, ते सांगते. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली आहे. आहार योग्य माणसाच्या हातात पडावा हा हेतू मला पटतो. पण ज्या स्तनदा मातेकडे मी गेले ती मजुरीला जाते. सकाळी आठला निघते, दिवेलागणीला परत येते. दिवसा तिचा चेहरा मला मिळणार कुठून? आधार पडताळणीचा ओटीपी तिच्या नवऱ्याच्या फोनवर येतो आणि तो फोन नवऱ्याबरोबर कामावर असतो. तेव्हा ती दोघंही घरी असतील तीच माझी वेळ, आणि तीच वेळ माझ्या घरच्या स्वयंपाकाची. दारात उभी राहून मी फोन धरला. उजेड कमी म्हणून चेहरा जुळेना. तिने चुलीपुढून उठून तोंड धुतलं, पदर मागे घेतला, ट्यूबलाइटखाली उभी राहिली. तरी जुळेना. आधारवरचा फोटो तिच्या लग्नाआधीचा, अंगाने भरलेली मुलगी. आता दोन बाळंतपणांनंतर गालफडं बसलेली. पाचव्या वेळेला जुळला. पाळण्यातलं मूल तोवर रडून रडून झोपलं होतं. ती मला म्हणाली, "ताई, तुमच्या घरी स्वयंपाक झाला का?" मी झाला म्हणून सांगितलं. झाला नव्हता.

संध्याकाळच्या गृहभेटीलाच माझा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक दीड वर्षाची मुलगी होती. दंडघेर मोजायची पट्टी तिच्या दंडाला लावली तेव्हा ११.२ सेंटिमीटर, म्हणजे पट्टीचा लाल भाग. साडेअकराच्या खाली गेलं की ते मूल तीव्र कुपोषित, सॅम. आरोग्य केंद्रात पाठवलं, औषधोपचार झाले, पण खरी लढाई घरी होती. तिची आई सांगेल तेव्हा मूल आजीजवळ, आजी सांगेल तेव्हा शेजारी, आणि कोणी किती भरवलं हे कोणालाच माहीत नाही. मग मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. माझ्यासमोर वाटी संपवायची, एवढीच अट. सात आठवड्यांनी पट्टी पिवळ्यात आली आणि पावसाळा संपता संपता १२.६ वर, हिरव्यात. त्या दिवशी आजीने माझ्या दोन्ही हातांत मूल दिलं. त्या संध्याकाळी मी घरी उशिरा गेले, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, वाटणारही नाही. तो वेळ मुलाला गेला. पाच वेळा चेहरा टिपण्यात आणि एकच यादी तिसऱ्यांदा पाठवण्यात जाणारा वेळ कोणाला जातो, एवढं मला विचारायचं आहे.

आता घरचं. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही अर्धंच कळतं. त्यांचं सगळं अंथरुणात. नवरा दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक आहे, पहाटे पाचला जातो, यायची वेळ ठरलेली नाही. मुलगा बाहेरगावी शिकतो. मुलगी यंदा बारावीला आहे. माझ्या वहीत जे २९ तास फोनचे म्हणून लिहिले आहेत, त्यातले बरेचसे खरं तर तिचे आहेत. मी सासूबाईंना भरवत असते तेव्हा तीच माझा फोन घेऊन पोषण ट्रॅकर, म्हणजे आमच्या नोंदींचं सरकारी ॲप, भरते. कोणत्या मुलाचं वजन गेल्या महिन्यात किती होतं हे तिला तोंडपाठ आहे. परवा रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं ठेवून ती मला विचारत होती, "आई, त्या धाकट्याची उंची ८२ लिहू की ८३?" मला पोटात कालवलं.

शिकलेल्या पोरीने आईला थोडी मदत केली तर बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. मला यात बालशिक्षणाला आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. अंगणवाडी हा शब्दच ताराबाईंच्या कामातून आला. १९४५ मध्ये बोर्डीला दोघींनी काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी केलं. पण मला त्यांचं याहून मोठं वाटतं ते विकासवाडीचं काम. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत हे त्यांनी पाहिलं. आई मजुरीला गेलेली, धाकटं भावंड थोरलीच्या कडेवर. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. कडेवरचं मूल उतरलं आणि थोरली वर्गात बसली. आईचं काम वाढलं की त्याचं ओझं घरातल्या मुलीच्या खांद्यावर येतं, हे त्या दोघींना तेव्हाच कळलं होतं. त्यांच्याच शब्दाच्या नावाने चालणाऱ्या कामात आज माझी मुलगी पुस्तक बाजूला ठेवून माझा फोन भरते.

माझा मोठा मुलगा आठ महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. सासूबाई तेव्हा धडधाकट होत्या, पण त्या स्वतः मजुरीला जात. त्याला ठेवायला घरी कोणी नाही, म्हणून मी त्याला अंगणवाडीत नेत असे. खोलीच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. मुलं गाणं म्हणत, तो झोळीत झोपे, मावशी जाता येता झोका देत. एक दिवस तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी झोळीकडे पाहिलं आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाल्या, "ही अंगणवाडी आहे, पाळणाघर नाही. उद्यापासून हे दिसता कामा नये." दुसऱ्या दिवशी मी झोळी सोडली. पुढचं वर्षभर तो माझ्या जावेकडे वाढला. जावेने जिवापाड सांभाळलं, तिचे उपकार आहेत. पण त्याचं पहिलं पाऊल तिने पाहिलं, मी नाही. त्या वेळी मी समोर बसलेल्या तीस मुलांना "चांदोमामा" शिकवत होते.

नियमाप्रमाणे त्या बाईंचं चूक नसेलही. तीन ते सहा वर्षांची मुलं बसवायची, हाच नियम. पण २०२२ मध्ये केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय झाली, सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे. म्हणजे ती झोळी गुन्हा नव्हती, गरज होती. माझ्या शेजारच्या गावची सेविका नुकतीच बाळंत झाली. मानधनासह १८० दिवसांची रजा आम्हाला मिळते, ती तिने घेतली. रजा संपल्यावर मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न तिच्यापुढे आज तसाच उभा आहे, कारण अशी पाळणाघरं आमच्या भागात अजून आलेली नाहीत.

रजेचंही सांगते. वर्षाला वीस दिवसांची रजा आम्हाला आहे. पण रजेवर गेलेल्या बाईच्या जागी कोणी येत नाही. मी रजा घेतली तर मावशी एकट्या, नाहीतर शेजारच्या अंगणवाडीच्या सेविकेकडे माझा कार्यभार. तिची तीस मुलं, माझी तीस. त्यामुळे रजा मागायची तर आधी तिची समजूत काढायची. खरी रजा आमच्या आपसातल्या देवाणघेवाणीवर चालते. मावशींच्या सुनेचं बाळंतपण होतं तेव्हा आठ दिवस मी मुलं गोळा करायला गेले, झाडलोट केली, पाणी भरलं. सासूबाईंना झटका आला त्या दिवशी मावशींनी मुलांना एकटीने सांभाळलं, आणि संध्याकाळी माझ्या घरी येऊन भाकऱ्या थापल्या. हे माणुसकीवर चाललं आहे. माणुसकी दमते, संपादक महोदय. मावशी आता अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत.

आमच्या नियुक्तीत 'मानसेवी' असा शब्द आहे. त्या एका शब्दाने सगळं ठरतं. पगार नाही, मानधन. कर्मचारी नाही, सेविका. मानाने सेवा करणारीला वेळ कसली मोजायची? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा गावातली एक बाई घरचं आवरून चार तास मुलांसाठी देईल, अशी कल्पना असावी. पन्नास वर्षांत कामं वाढत गेली. पूरक आहार, लसीकरणाला बायका गोळा करणं, वजन-उंची, गरोदर मातांची नोंद, पूर्वशालेय शिक्षण, आणि वर मतदार याद्या, सर्वेक्षणं. चार तासांची कल्पना मात्र तिथेच राहिली. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांचं ते खंडपीठ. आमच्या जबाबदाऱ्या पाहता हे काम अर्धवेळचं म्हणता येत नाही, हेही त्यांनी त्यात सांगितलं. मी तो निकाल वर्तमानपत्रातून कापून ठेवला आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे दिसलं ते आमच्या अंगणवाडीच्या दारात उभ्या असलेल्या आजोबांना दिसत नाही, यात त्यांचा दोष नाही. त्यांना कुलूप लागलेलं दिसतं.

डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये आम्ही राज्यभर संपावर होतो. मोर्चाला जायचे ते दिवस सोडले तर मी संध्याकाळी घरी असायचे, फोन गप्प असायचा. वीस वर्षांत सलग इतक्या संध्याकाळी मी घरी कधी नव्हते. सासूबाईंच्या उजव्या हाताला रोज तेल लावून बोटं सोडवायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला होता, तो त्या दिवसांत एकदाही चुकला नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी त्या हाताने माझं मनगट धरलं. संप मिटला, मी कामावर गेले, याचा आनंदच होता, मुलं आठवत होती. व्यायाम मात्र पुन्हा आठवड्यातून दोनदा तीनदावर आला. ते मनगट धरणं पुन्हा झालं नाही.

मग २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले. बायका माझ्या घरी येत, रात्री अकरापर्यंत ओट्यावर रांग. कोणाचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही, कोणाच्या नावात फरक. त्यांची गरज खरी होती, त्यामुळे कोणाला परत पाठवलं नाही. पण माझ्या घराचं कार्यालय झालं आणि अंथरुणावरच्या माणसाला पडद्याआड साफ करावं लागलं, हेही खरं आहे.

नवऱ्याचं मत अनेकदा असं पडतं की एवढा त्रास आहे तर सोडून दे. तो वाईट अर्थाने म्हणत नाही. केंद्राने ठरवलेलं आमचं मानधन २०१८ मध्ये ४,५०० रुपये झालं, ते पुढे अनेक वर्षं तिथेच राहिलं. राज्याने वेळोवेळी भर घातली म्हणून घर चालतं. पण मला काम सोडायचं नाही. आणि घरातलं म्हणाल तर, भाकरी त्यालाही थापता आली पाहिजे, हे मी त्याला सांगितलं आहे. आता रविवारी आईची अंघोळ तो घालतो. पहिल्या दिवशी लाजला, आता सफाईने करतो. घरातल्या पुरुषाने हात लावला की किती फरक पडतो, हे मी बाकीच्या सेविकांनाही सांगत असते. पण रात्री पावणेदहाला येणाऱ्या मेसेजवर नवऱ्याचा इलाज नाही.

तो मेसेज येतो कसा, हे मी आमच्या पर्यवेक्षिकांना विचारलं. त्याही बाईच आहेत, त्यांनाही घर आहे. वरून माहिती मागवली जाते संध्याकाळी पाचला. ती प्रकल्प कार्यालयात येते, तिथून पर्यवेक्षिकांकडे सातला, त्या सगळ्या गावांना पाठवतात तोवर नऊ. सकाळी अकराला वर द्यायची असते. आणि मागितलेली माहिती पुष्कळदा ॲपमध्ये आधीच भरलेली असते. तीच यादी वेगळ्या तक्त्यात हवी, एवढंच. २०२१ मध्ये ॲप आलं तेव्हा ते इंग्रजीत होतं आणि दिलेले फोन चालत नव्हते, म्हणून राज्यभरच्या सेविकांनी फोन परत केले होते. तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की ॲप आलं की कागदाचं काम कमी होईल. माझ्या कपाटात आजही सगळी रजिस्टरं आहेत आणि सगळी भरायची आहेत.

माझं मागणं फार नाही. आमच्या कामाची वेळ लिहून ठरवा, गृहभेटींसकट. संध्याकाळी सहानंतर माहिती मागवू नका. मूल आजारी असेल, कोणी बाळंतीण अडली असेल, तर रात्री दोनलाही फोन करा, मी येईन, आजवर आले आहे. चेहऱ्याची पडताळणी दिवसा अंगणवाडीत होऊ शकली नाही तर दुसरा मार्ग द्या, मजुरीला जाणाऱ्या बाईला आणि मला दोघींनाही. रजेवर जाणाऱ्या सेविकेच्या आणि मदतनीसाच्या जागी बदली माणूस द्या. आणि तान्ह्या मुलाच्या आईला पाळणाघर मिळेपर्यंत अंगणवाडीच्या कोपऱ्यात झोळी बांधायची लेखी परवानगी द्या. त्याला पैसाही लागत नाही.

मुलीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. या आठवड्यापासून रात्रीची माहिती तिने भरायची नाही, असं मी ठरवलं आहे आणि पर्यवेक्षिकांना तसं सांगितलंही आहे. जी माहिती रात्री नऊला मागितली जाईल ती मी सकाळी साडेनऊला, अंगणवाडी उघडल्यावर देईन. यावर नोटीस आली तर उत्तरासोबत वही जोडीन. कोणा अधिकाऱ्यांना ती आधी पाहायची असेल तर त्यांनी अंगणवाडीत यावं, कपाटात वरच्याच खणात ठेवली आहे. संध्याकाळी मी घरी सासूबाईंच्या हाताला तेल लावत असेन.

आपली विश्वासू,
एक अंगणवाडी सेविका
(नाव व गाव छापू नये, ही विनंती)